राज्य कुणावर

मंगळवारी माझा भाऊ गेला. तो मोटरसायकलवरून पुण्याहून खोडदला येत होता. कळंबच्या पुढे ट्रकनं त्याला धडक दिली.

त्याआधी मंचरला चहाला थांबून त्यानं मला फोन केला होता. पुण्याला तो विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये गेला होता. तिथं खेळांचा अभ्यास चालतो. लॅबच्या सरांसाठी त्यानं दोन उन्हाळे जुन्नर-आंबेगावातली गावं पालथी घातली होती. लगोरी, आबाधोबी, सूरपारंबी. झाडाखाली बसून पोरांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं आणि सरांना पाठवायचं. पुढच्या वर्षी पीएच.डी.ला अर्ज कर, तुला घेतोच, असं सर म्हणाले होते. मग सरांचा लेख छापून आला. त्यात आमच्या गावाचं नाव होतं, त्याचं नव्हतं. पाठोपाठ त्याचा अर्ज नाकारला. कारण दिलं, संशोधनाचा अनुभव नाही. त्या दिवशी तो हेच विचारायला गेला होता आणि सरांनी दारात उभं ठेवूनच त्याला पुन्हा तेच ऐकवलं.

फोनवर तो हसत होता. म्हणाला, "ताई, मी तिथं लिंबूटिंबू व्हतो गं."

लिंबूटिंबू म्हणजे खेळातलं सगळ्यांत लहान पोर. त्याला पळू देतात, लांब गेलेली विटी आणायला पाठवतात, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. लहानपणी माझ्या भावाला हे कधी चाललं नाही. राज्य टाळायला आम्ही खोटं बोलायचो, भांडायचो. हा मात्र पारावर बसकण मारून "माझ्यावर राज्य द्या" म्हणून रडायचा.

सगळे विधी झाल्यावर भावाच्या फोनवर सरांचा घरच्यांसाठी मेसेज आला. वाईट वाटलं, त्याची आम्हाला फार मदत झाली होती. 'मदत' या शब्दावर मी बराच वेळ थांबले. सरांचे मिळतील तेवढे लेख मिळवले आणि शाळेतून आल्यावर रोज वाचत बसले. मी राजुरीच्या शाळेत मराठी शिकवत होते. वाचायची सवय होती. कितीतरी ठिकाणी वाक्य सरांचं होतं आणि बोलणं माझ्या भावाचं. शोक हलका होतो म्हणतात. माझा होत नव्हता, आणि मला तो व्हायलाही नको होता. मला सरांना अवघडलेलं पाहायचं होतं, चार माणसांसमोर.

मी त्याच लॅबमध्ये अर्ज केला. विषय दिला, 'खेळातला लिंबूटिंबू'. भावाचा उल्लेख केला नाही. आमचं आडनाव या भागात घरोघरी आहे.

आई शेंगा फोडत होती. तिथं जाऊन काय करणार, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, सरांवर राज्य आणणार.

"आन मग? राज्य ज्याच्यावर, त्योच दुसऱ्याच्या मागं लागतो. पळावं तुलाच लागंल, बाई."

तिचं खरं होतं.

मुलाखतीला सर होते आणि बाहेरून आलेल्या एक बाई. सरांना विषय आवडला. यावर कुणी लिहिलेलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. बाईंनी उदाहरण मागितलं. लहान मुलांचं नको, मोठ्यांतला लिंबूटिंबू दाखवता येईल का?

"याच लॅबमधला दाखवते," मी म्हणाले.

मी आवाज चढवला नाही. सरांच्या लेखाखाली दिलेली रेकॉर्डिंग्ज कुणालाही ऐकता येतात. मी मोबाईलवर त्यातलं एक लावलं. कळंबच्या शाळेबाहेरचा गोंगाट आला, मग माझ्या भावाचा आवाज. "आधी सांगा राव, राज्य कुनावर?" पोरं हसली.

बाईंनी सरांना विचारलं, प्रश्न विचारणारा कोण आहे?

"स्थानिक मुलगा होता एक," सर म्हणाले. "मदतीला."

"माझा भाऊ. अनुभव नाही म्हणून तुम्ही त्याचा अर्ज नाकारलात."

सर पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. ते गप्प असताना मला फार बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. बाहेर येऊन कॅन्टीनमध्ये मी पोटभर जेवले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

मला घेतलं. बाईंनी आग्रह धरला, असं नंतर कळलं. मार्गदर्शक सरच आहेत. आईनं सांगितलं होतं तसंच झालं. प्रत्येक पानाला चार शेरे, प्रत्येक मसुदा परत. सर मागे लागले आहेत आणि मी पळते आहे. पण रेकॉर्डिंग्ज लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. प्रत्येक प्रश्नाआधी मी भावाचं पूर्ण नाव टाकते. तिथं 'लॅब सदस्य' लिहा, असं सरांनी सुचवलं. तो सदस्य नव्हता, तुम्हीच नाकारलंत, असं मी सांगितलं. शेवटी त्यांनी भावाच्या नावासकट त्या पानावर सही केली. मार्गदर्शक म्हणून प्रत्येक पानावर त्यांना सही करावी लागते. मी पानं एकदम देत नाही, एकेक करून नेते.

छापलेल्या लेखात भावाचं नाव अजून नाही. आई रेकॉर्डिंग ऐकत नाही. ज्या दारात सरांनी भावाला उभं ठेवलं, त्याच दारासमोर माझं टेबल आहे.