रुमालाखालचा सौदा

वहिनीचा मेसेज आला तेव्हा मी गावी न्यायचा पेढ्यांचा पुडा पिशवीत ठेवत होते. घरच्या ग्रुपवर तिनं एक लिंक टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, "आपलं दुकान चालू झालं! समद्यांनी बघा." लिंकमधलं नाव मी वाचलं, परत वाचलं. ते नाव गेल्या आठवड्यापर्यंत माझं होतं. मीच ते विकलं होतं, आणि पेढे त्याचेच होते.

माझा धंदा सांगायला मला लाज नाही, सांगून कुणाला कळत नाही एवढंच. इंटरनेटवरच्या दुकानांनाही पाटी लागते, म्हणजे पत्त्याचं नाव. चांगली, सोपी नावं आधीच घेऊन ठेवायची, दरवर्षी पैसे भरून ती जपायची आणि ज्याचं त्या नावावाचून अडलंय त्याला चढ्या भावानं विकायची. चिकलठाण्याच्या दोन खोल्यांत बसून, डोक्यावरून विमानं जात असताना, मी हे करते. दादाला एकदा समजावताना म्हटलं होतं, "प्लॉटसारखंच असतं रे." तेव्हापासून त्याची पक्की समजूत की मी विमानतळाजवळचे प्लॉट विकते. मीही ती कधी खोडली नाही. पाहुण्यारावळ्यांत तेवढंच बरं दिसतं.

आम्ही मेंढपाळांच्या घरातले. आबा सिल्लोडकडच्या बाजारात मेंढरं विकायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती माणसांचं कोंडाळं, पण भाव त्या दोघांनाच ठाऊक. आबांचा नियम तर याहून कडक. "जनावर गाडीत चढस्तोवर घरात सुदिक बोलायचं नाय. नजर लागती." आईलाही सौदा झाल्यावरच कळायचं. दादा आणि मी या बाबतीत अगदी त्यांच्या वळणावर गेलो.

आबा गेले आणि कळप दादाकडं आला. त्यात आबांनी स्वतः वाढवलेली एक काळी मेंढी होती, गळ्यात घंटा, कळपाच्या पुढं चालणारी. दादाचा फोन आला की आधी तिची घंटा ऐकू यायची, मग दादा.

'घोंगडी' या शब्दाचं नाव मी केवळ लहर म्हणून घेतलं होतं. त्या शब्दाला आमच्या घराचा वास होता. पुढं बरेच दिवस ते पडून राहिलं आणि मग एका दलालाचा निरोप आला, गिऱ्हाईक आहे, पण कोण ते सांगणार नाही. माझं नावही त्यांना कळणार नव्हतं. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. सिल्लोडच्या बाजारात माणूस समोर असतो आणि भाव रुमालाखाली. आमच्याकडं भाव उघडा आणि माणूस रुमालाखाली.

गिऱ्हाईक कोण ते मी मनानंच ठरवून टाकलं. पुण्याबिण्याची कंपनी असणार, काचेच्या केबिनीत बसून आपल्या घोंगड्या शहरातल्यांना दामदुपटीनं विकणारी. अशांना कशाला सोडायचं? मी नाही म्हटलं. ते वाढले. मी पुन्हा नाही म्हटलं. शेवटी सौदा जमत आला तेव्हाही मी थोडं ताणलंच. दलाल म्हणाला, "मॅडम, समोरच्याची ऐपत संपलेली दिसते." मी म्हणाले, "ऐपत संपली की माणूस उठून जातो. हा अजून बसलाय." आणि खरंच, चार दिवसांनी तेवढेही आले. अंगात आबा आल्यासारखी मी खूश झाले. घरी अर्थातच अवाक्षर बोलले नव्हते; पैसे जमा झाल्यावर पेढे घेऊन गावी जायचं आणि मगच सांगायचं, असं ठरवलं होतं.

मेसेज वाचून मी दादाला फोन लावला.

"दादा, हे नाव कुठून घेतलंस?"

"आता सांगाया हरकत नाय," तो खुशीत म्हणाला. "तुझ्या वहिनीनं हट्टच धरला, घोंगड्यांचं दुकान काढीन तर ह्याच नावानं. साइटवाल्यानं दलाल गाठून दिला. पर समोरचा लई चिवट निघाला बग! पार आबावानी."

"आणि पैसे?"

"मेंढरं दिली की."

"किती?"

"समदीच."

मी म्हटलं, "दादा, समोरचा म्हणजे मी होते."

तो हसला. "काय बी बोलती. तू तर प्लॉट विकती."

मी सगळं सांगितलं, पहिल्या नकारापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. त्याचं हसणं थांबलं. फोनमागं काहीच वाजत नव्हतं. माझा धीर सुटला आणि मी त्याच्यावरच ओरडले, "अरे, एक फोन करायचा होतास मला!"

"सौद्याआधी?" तो म्हणाला. "तू तरी केलास व्हय?"

एकाच बापाची शिस्त आम्ही दोघांनी पाळली होती. मी रडत म्हणाले, "पैसे आत्ता परत पाठवते. तू नवीन मेंढरं घे."

"व्हय, घेऊ की," तो मलाच समजावल्यासारखं म्हणाला.

"शेवटला तू वाढवलं नसतंस," तो हळूच म्हणाला, "तर काळी राहिली असती गं. तिला मी मागं ठेवली व्हती."