डॉक्टरसाहेबाचं झाड आणि जिजींचं पातेलं

कराडहून निघताना आमच्या सरांनी बजावलं, "बाई, हौस म्हणून जा. पण हाती काही लागेल अशी आशा धरू नका." झालं! एवढं ऐकल्यावर रिकाम्या हातानं परत येणं माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं. मी दोन पातळं, भिंग, चाकू आणि रद्दीचे पेपर पिशवीत कोंबले आणि मुंबईची एस.टी. पकडली.

गोष्ट अशी होती. सरांचं वनस्पतींचं मोठं पुस्तक छापखान्यात जायच्या बेतात होतं, आणि त्यात एका झाडापुढे त्यांनी "साष्टीतून नष्ट" असं लिहून ठेवलं होतं. साष्टी म्हणजे मुंबईला लागून असलेलं जुनं मोठं बेट. आजची घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही उपनगरं तिच्याच अंगाखांद्यावर बसली आहेत. ताजा नमुना आणलात तर शब्द खोडीन, असं सर म्हणाले होते. माणूस मेला तर दाखला लागतो. झाडाला मात्र कुणी बघायला गेलं नाही एवढ्यावरून मारून टाकायचं? मला राग आला होता, तो आजही आठवतो.

या झाडाला नाव दिलं ते कंपनी सरकारच्या काळातल्या एका गोऱ्या डॉक्टरनं. नाव लांबलचक आणि जीभ वळेल तर शपथ, म्हणून आम्ही शिकताना त्याला नुसतं 'डॉक्टरसाहेब' म्हणायचो. पलटणीतले तापकरी बघायचे आणि उरलेला वेळ रानात घालवायचा, असा त्याचा क्रम. त्यानं बायकोचं नाव एका नाजूक वेलीला दिलं, मित्राचं एका गवताला आणि गव्हर्नरचं एका काटेरी झुडपाला. हे शेवटचं त्यानं मुद्दाम केलं असावं असा मला दाट संशय आहे. पण एका झाडाला मात्र त्यानं कुणा माणसाचं नाव दिलं नाही, साष्टीचंच दिलं. ते हेच. आपल्या शेवळाचं, म्हणजे पावसाच्या तोंडाशी बाजारात येणाऱ्या रानभाजीचं, सख्खं भावंड. जमिनीत कंद, वळीव पडून गेला की पान यायच्या आधी नुसतं फूल वर येतं, गुंडाळी केलेल्या छत्रीसारखं. वरून दोघांत फरक कळत नाही. आत दांड्यावर खाली मादीफुलं असतात आणि वर नरफुलं. या दोहोंच्या मध्ये साहेबाच्या झाडाला पांढऱ्या केसांचं एक कडं असतं, साध्या शेवळाला ते नसतं.

चेंबूरला उतरून मी आधी घाटकोपर गाठलं, कारण साहेबानं "घाटकोपरची टेकडी" असं लिहून ठेवलं आहे. टेकडी आहे, नाही असं नाही. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत पत्र्याची घरं. एका दारात तांदूळ निवडत बसलेल्या बाईंना मी विचारलं, "इथे शेवळं उगवतात का हो?"

"इथे?" त्या हसल्या. "इथे माणसाला पाय ठेवायला जागा नाय, शेवळं कुठून उगवतील? पाणी पिता काय?"

पाणी प्यायले, त्यांच्या हातचा चहाही प्यायले आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी बसनं अंधेरी. तिथे चपलेचा अंगठा तुटला. तो शिवून घेतला आणि बोरिवलीच्या रानात शिरले. करवंदं पोटभर खाल्ली, माकडानं डबा पळवला, आणि जी चार शेवळं सापडली ती चारही साधी निघाली. संध्याकाळी मुलुंडला परतले तेव्हा मावसबहीण सुमन दारातच म्हणाली, "काय अवतार केलायस गं! वाट लागली ना? पुरे आता. उद्या आराम कर, परवा तुला चौपाटी दाखवते."

"चौपाटीवर शेवळं येतात का?"

"येडी आहेस यार तू," असं म्हणून ती चहा ठेवायला गेली.

मी उतरले होते ती याच सुमनकडे. घरात ती, तिचा नवरा आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या ठाण्याच्या. त्यांना सगळा मजला 'जिजी' म्हणे. मी पाहुणी आणि त्यात प्राध्यापक, म्हणून त्या मला कौतुकानं 'मास्तरीणबाई' म्हणत.

तिसऱ्या दिवशी मुलुंडचा डोंगर. रिक्षावाल्यानं रस्ता संपला तिथे सोडलं. पुढे दगडाची खाण, पांढऱ्या धुळीनं माखलेली झाडं आणि एक रखवालदार.

"किदर जाताय बाई? वर सुरुंग लागतो."

"झाड बघायला."

"खाली काय झाडं नाय?"

"आहेत. पण मला हवं ते नाही."

त्यानं मान हलवली आणि बाजूची पायवाट दाखवली. दुपारपर्यंत मी डोंगराची ती बाजू गुडघ्यांवर पालथी घातली. आणि एका खडकाच्या आडोशाला दिसलं: एकुलतं एक फूल, मिटलेलं, बाहेरून तांबूस ठिपके, अगदी साहेबाच्या वर्णनात आहेत तसे. तिथेच उलगडून बघावं असं फार वाटलं, पण मोह आवरला. एकच आहे, तर ते आपोआप उमलू दे, अखंड चित्र काढू आणि मग भिंगाखाली धरू, असा हिशेब केला. कंदाला धक्का न लावता फूल कापलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पोटाशी धरून घरी आणलं.

जिजी बाजारात गेल्या होत्या. मी फूल स्वयंपाकघरात माठाजवळ गारव्याला ठेवलं आणि अंघोळ करून जी आडवी झाले ती जेवायची हाक येईपर्यंत डोळा उघडला नाही.

पानात भाजी होती. सोडे (सुकवलेली सोललेली कोलंबी) घातलेली, नारळाच्या वाटणातली. दिवसभराची भूक! मी दोनदा मागून घेतली. "जिजी, झकास झालीय हो. कसली आहे?"

"अगो, शेवळांची! तूच आणलंस ना? एकच मिळालं गो तुला बिचारीला. म्हटलं, पाहुणीनं आणलेलं त्याच दिवशी पातेल्यात पडलं पाहिजे. एकाची भाजी कशी करू? योगायोग बघ, बाजारातून मी जुडी आणलीच होती, तीत घातलं. आणि पहिला वाढा तुलाच दिला."

माझा घास तोंडातच राहिला. त्या घरची रीतच तशी होती. पाहुण्यानं आणलेली वस्तू बाजूला ठेवली तर त्याचा अपमान, आणि "एवढंच आणलंस?" असं विचारणं त्याहून मोठा. जिजींनी माझी अब्रू राखली होती. मी मात्र डॉक्टरसाहेबाचं झाड वाटणासकट गिळून बसले होते.

मला रडूच फुटलं. सुमनला वाटलं, कोलंबी बाधली. जिजी घाबरून पाणी घेऊन धावल्या. हुंदके देत मी कसंबसं सगळं सांगितलं, ते पांढरं कडं, सरांचं पुस्तक, सगळं.

"कुठे असतं तुझं ते कडं?" जिजींनी विचारलं.

"आत. पोटात. फुलं असतात तिथे."

"तो पिवळा दाणेदार भाग? अगो, तो कोण खातंय! घशाला खाज सुटेल ना. तो काढूनच टाकायचा असतो."

म्हणजे मला जे हवं होतं, नेमकं तेच त्या घरात कुणी खात नव्हतं! मी उष्ट्या हातानं उठले. कचऱ्याचा डालड्याचा डबा दाराबाहेर ठेवलेला होता. कांद्याची सालं, सोड्यांचा भुसा, चहाचा चोथा आणि त्यात ते पिवळे तुकडे. गॅलरीत पेपर पसरून मी डबा उलटा केला. शेजारपाजारच्या बायका जमल्या. हात आगीसारखे खाजायला लागले, तेव्हा जिजींनी चिंचेचा कोळ आणून चोळला आणि स्वतःही फतकल मारून निवडायला बसल्या. "मीच घातलं पातेल्यात, मीच शोधते," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग माझाच जीव कळवळला.

भिंगाखाली एकेक तुकडा जाऊ लागला. साधं. साधं. साधं. आणि मग एक, त्यावर पांढऱ्या केसांचं स्वच्छ कडं! मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरचे वर आले. पण तुकडे संपेपर्यंत तशी कडी तीन झाली. मी तर एकच फूल आणलं होतं. उरलेली दोन जिजींच्या जुडीतली.

सकाळी जिजींना घेऊन मी बाजारात. जुडी विकणारी ठाकर बाई आम्हाला बघून सावध झाली. "काय, खाजली का?"

"नाही, नाही! आणली कुठून ते सांगा."

"खाणीच्या वरनं, उगवतीच्या अंगानं. पण आता नाय मिळायची. हुती ती समदी काढली."

जिजी म्हणाल्या, "झालं ना? चल घरी." मी म्हटलं, "जिजी, तुम्ही रिक्षानं जा. मी वर जाऊन येते."

उगवतीच्या अंगाला पोचायच्या आधी वासच आला. मेलेल्या उंदराचा असावा तसा, आणि त्यावर माश्यांची गुणगुण. खडकांच्या फटीफटीतून उमललेली फुलं उभी होती. मिटलेलं शेवळ भाजीचं, म्हणून ते काढून नेलेलं. उमललेलं कुणी खात नाही, म्हणून ते राहिलेलं. मी खाली बसले आणि एकेकात डोकावले. पांढरं कडं. पांढरं कडं. त्या दुर्गंधीत बसून मी हसत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की कुणाला सांगावा तर आजूबाजूला फक्त माश्या. खालून रखवालदाराची शिट्टी वाजेपर्यंत मी तिथेच होते. एक फूल कापलं आणि उतरले. मागे सुरुंग उडाला, तेव्हा पायाखालची वाट हलली.

कराडला सरांच्या टेबलावर मी नमुना ठेवला. त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि "नष्ट" या शब्दावर रेघ मारली. नंतर विचारलं, "इथे काय लिहू?"

"लिहा, मुलुंड, खाणीच्या वर, पूर्वेच्या उतारावर. आजमितीला आहे."

"'आजमितीला' असं ग्रंथात लिहीत नाहीत, बाई. ग्रंथ पुढची पन्नास वर्षं वाचला जातो."

"सर," मी म्हटलं, "खाण त्या उतारापासून हाकेच्या अंतरावर आहे."

सरांनी रेघ मारलेल्या शब्दाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी 'आजमितीला' हा शब्द लिहिला.