पुलाशी धरलेला अबोला

आमच्या इस्फहानात रुसलेली माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात. पण माझ्या काकांनी, हशमतअमूंनी, तो चक्क तेहतीस कमानींच्या पुलाशी धरला! वीस वर्षं त्याच पुलावरून त्यांनी टॅक्सी हाकली होती. मग पूल थकला म्हणून त्यावर गाड्या बंद झाल्या, फक्त पायी माणसं. अमूंना ते जिव्हारी लागलं. "ज्यानं माझी गाडी नाकारली, त्याच्यावर मी पाऊल ठेवणार नाही!" अकरा वर्षं ते दूरच्या पुलावरून वळसा घालून जात. आहे की नाही कमाल?

त्या वसंतात कोरड्या नदीत धरणाचं पाणी सोडलं. सगळं शहर पुलावर लोटलं. अमूंच्या बायकोची, बद्रीखानमची, नजर महिन्यागणिक विझत होती. आता उजेड आणि चमचमणारं काही तेवढं तिला दिसे.

"आगा, एकदा पाणी बघू द्या. डोळे गेल्यावर आठवायला होईल," ती अमूंना म्हणाली.

"आधी पुलानं यावं," अमू फणकारले.

"चारशे वर्षांचा म्हातारा तुमच्या दारी येणार? नमतं धाकट्यानं घ्यायचं. त्याच्यापुढे तुम्ही कालचं पोर!"

रुसवा मिटवायला आमच्यात मध्यस्थ लागतो. मीच मध्ये पडले. पिस्त्याची मिठाई नेली आणि म्हटलं, "पुलानं पाठवलीय." अमूंनी मिठाई खाल्ली. म्हणाले, "बघू उद्या."

असे नऊ उद्या गेले.

दहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि बद्रीखानमचा हात धरला. मी मागून चालले. केशरी उजेड कमानीकमानीतून सांडत होता, खाली कुणीतरी संथ गात होतं, आणि स्वप्नात चालावं तसे आम्ही चाललो होतो. मी वाकून पाहिलं. पाणी सकाळीच बंद केलं होतं. खाली नुसता चिखल.

"आहे ना पाणी?" बद्रीखानमनं विचारलं.

अमूंच्या डोळ्यांना धार लागली होती. "दोन्ही काठ भरून," ते म्हणाले.

ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली. मग त्यांचा हात थोपटत म्हणाली, "अकरा वर्षं तुमचा हट्ट ऐकला. खोटं आज पहिल्यांदा ऐकतेय. आता सुरुवात केलीच आहे तर नीट सांगा. बदकं आहेत का?"

आणि अमू हुंदके देत बदकं मोजू लागले.