ब्रेकची हवा

आणीबाणीच्या आसपास वडपे गावातल्या माझ्या गॅरेजसमोरच्या टपरीवर एक ट्रेलरवाला रोज चहाला थांबायचा. ट्रेलरखालच्या लोखंडी टाकीत ब्रेकसाठी हवा भरलेली असते. या शहाण्याने त्याच टाकीवर तीन भोंग्यांचा हॉर्न जोडला होता. पार कोन गावापासून तो हॉर्न बोंबलवत यायचा आणि उतरला की आधी केसांवरून कंगवा फिरवायचा, जणू वरातीतूनच आलाय.

मी म्हणायचो, "अरे, ती ब्रेकची हवा आहे."

तो हसायचा. "शेठ, ब्रेक कवातरी लागतो, हॉर्न रोज लागतो."

एका दुपारी तो उतारावरून असाच वाजवत आला. मध्येच हॉर्न फुसफुसला आणि गप्प झाला. टाकी रिकामी झाल्याचं मला कळलं, त्याला नाही. मी ओरडलो, टपरीवरच्या सगळ्यांनी उड्या टाकल्या. ट्रेलर टपरीचं बाकडं मोडून रेतीच्या ढिगात घुसला.

तो उतरला. कंगवा फिरवला.

"मी हॉर्न मारत आलो म्हणून वाचलात, न्हाय तं तुमचं काय खरं नव्हतं!"

मोडक्या बाकड्याचा पाय हातात धरून टपरीवाल्याने मान हलवली.

"हां, ते बी हाय म्हणा."