कुलरभाऊंची झांज

माणसानं आयुष्यात एक भोक जरी नेमक्या जागी पाडलं, तरी त्याचा जन्म सार्थकी लागतो. कुलरभाऊ उन्हाळ्यात दिवसाला दोनशे पाडायचे. दारव्ह्यात बसस्टँडमागे त्यांचं कुलर बनवायचं दुकान होतं, आणि लग्नसराईत ते आमच्या आर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि आर्केस्ट्रात निवेदन करायचो. म्हणजे दोन्हीकडे, कोणी ऐकत नसताना बोलायचो.

नवी वस्तू घेण्याआधी जुनी तीनदा दुरुस्त करायची, ही त्यांची रीत. ड्रमवरच्या मोठ्या झांजेला कडेपासून तडा गेला, तेव्हा त्यांनी तो कुठवर आलाय हे अंगठ्याच्या नखानं चाचपलं आणि बरोबर टोकाशी बारीक भोक पाडलं. "तडा इथवर येते अन् थांबते, सर. त्याले पुढं जागाच नाही भेटत. बोलणाऱ्या माणसाचं तसं नाही."

त्या भोकानं आवाज थोडा बदलला. तो त्यांना आवडला, म्हणून त्यांनी आणखी मोठी भोकं पाडली. वहिनी झांज दोन्ही हातांनी दाबून धरून बसल्या होत्या. "आता चहा गाळाचा का याच्यातून?" असं विचारत होत्या, पण हात सोडत नव्हत्या. तयार झालेली झांज तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी 'फस्स' करायची आणि लगेच गप्प व्हायची. "निवेदकापेक्षा बरी हाये," भाऊ म्हणाले.

मोठ्या शहरांतले ड्रमवाले अशीच भोकांची झांज वापरतात आणि तिला इफेक्ट क्रॅश म्हणतात, हे मी मोबाइलवर वाचलं. ज्ञान झालं की मला ते माईकवरून सांगावंसं वाटतं. यवतमाळच्या एका दुपारच्या कार्यक्रमात तशी संधी आली. प्रमुख पाहुणे मौनाच्या महत्त्वावर पाऊण तास बोलले आणि मग कौतुकानं म्हणाले, "मधूनच वाजतो तो आवाज कशाचा?"

"इफेक्ट क्रॅश," मी म्हणालो. "खास परदेशातून मागवली आहे."

टाळ्या पडल्या. माझ्यामागे एकदाच 'फस्स' झालं. वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. नवऱ्याचं वाजवणं ऐकायला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

परतताना जीपमध्ये भाऊंनी विचारलं, "सर, मले कोन्या देशाचा केलं तुम्ही?" सगळे हसले. मीही हसलो. वहिनींनी खिडकीकडे तोंड केलं. उतरताना भाऊ हळूच म्हणाले, "माह्यं जाऊ द्या. पन एकडाव माईकवरून सांगजा, झांज घरची होती म्हणून. तुमची वहिनी आयकन असं."

"पुढच्या कार्यक्रमात सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. खोटं कबूल करण्यापेक्षा ते खरं करणं मला सोपं वाटलं. मी ऑनलाइन इफेक्ट क्रॅश मागवली, परवडणाऱ्यांतली. परदेशातली नव्हतीच, खोक्यावर पत्ता आपल्याच देशातला होता. भाऊंनी ती ड्रमच्या स्टँडवर चढवली आणि स्वतःची घरी नेली. पुढे ती मला त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर दिसली, वर दगड ठेवलेली. मी "काय म्हणता भाऊ, तब्येत?" असं विचारून चहा पिऊन आलो.

नव्या झांजेला एका लग्नसराईतच कडेला तडा गेला. मी ती कापडात गुंडाळून दुकानात नेली, तेव्हा वहिनी तिथंच कुलरला गवत भरत होत्या. भाऊंनी नखानं तडा चाचपला. "धर वं," ते म्हणाले. वहिनींनी हात पुसले आणि झांज धरली, भाऊंनी तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. माईकसुद्धा लागला नसता. मी म्हणालो, "उन्हाळा यंदा फार आहे."

गेल्या वर्षी भाऊ गेले. शोकसभेत माईक अर्थात माझ्याकडेच होता. वहिनी पुढच्या रांगेत होत्या, आणि मी सगळं सांगायचं ठरवून आलो होतो. प्रत्यक्षात मी 'नादब्रह्माचा निष्ठावान उपासक' वगैरे म्हणालो, आणि वहिनी मान खाली घालून ऐकत राहिल्या.

ती मागवलेली झांज अजून वाजते. तडा पुढे सरकलेला नाही. खोक्यावर लिहिलंय, सहा भोकं. आमच्या झांजेला सात आहेत.