चोर स्विच

बोरी अरब गावचा अय्यूब मिस्त्री मुलखाचा संशयी. सीलबंद डब्यातलं ऑइलसुद्धा बोटांवर चोळून, वास घेऊन मगच ओतणार. पण धरमसिंग त्याचा वीस वर्षांचा दोस्त. ईदचा शिरखुर्मा अय्यूबकडून धरमसिंगच्या तांड्यावर जायचाच.

कापसाचा भाव बसला त्या सालांत नवी गाडी कोण घेतो? धरमसिंगची जुनी डिझेल जीपच दारव्ह्याच्या सवाऱ्या ओढायची. एका पोळ्यानंतर ती चालता चालता बंद पडू लागली. दोरीने ओढत गॅरेजात आणायची. तिथे अय्यूब दिवसभर चावी फिरवायचा, पण इंजिन ढिम्म. संध्याकाळी धरमसिंग सीटवर येऊन बसला, की पहिल्याच चावीला चालू! असं तीनदा झालं.

"मिस्त्री मुद्दाम खोट ठेवून राह्यला," असं जीप स्टँडवर बोललं जाऊ लागलं. अय्यूबच्या दारात गाड्या येईनात. कोणीतरी मुद्दाम आपला काटा काढतोय, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

चौथ्यांदा जीप आली तेव्हा त्याने बॅटरीवरून एक वायर थेट पंपाच्या सोलेनॉइडला लावली. खट्‌ आवाज झाला. करंट मिळाला की हा सोलेनॉइड डिझेलची वाट उघडतो. स्टार्टर मारताच इंजिन धडधडू लागलं. म्हणजे पंप चांगला होता, करंटच वाटेत अडत होता. मग तो चावीपासून वायर चाचपत निघाला. सीटखाली रेक्झिनच्या आड त्याच्या बोटांना एक बटण लागलं. चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून लपवलेला चोर स्विच, तोही ढिला! रस्त्यात दणका बसला की तो चालू असूनही आत करंट तुटायचा. आता तर बटणच बंद होतं, म्हणजे गॅरेजात तो कोणीतरी हाताने बंद करून जात होतं.

धरमसिंग आला तसं अय्यूबने बटण दाखवलं. "हे कोनासाठी लावलं बे?"

धरमसिंगने मान खाली घातली. "दारव्ह्यात बसवलं. गाडी तुह्यापाशी दिसभर राह्यते. मले वाटलं, तू माह्या गाडीत सवाऱ्या मारत असशीन."

अय्यूबला राग आला नाही, रडू आलं. "मंग मलेच कायले दुरुस्तीले देत होता?"

"तुह्यासारखा मिस्त्री दुसरा हाय कोठी?"

"चाल स्टँडवर. सांग साऱ्याइले."

धरमसिंगने सगळ्यांसमोर सांगितलं. गाड्या पुन्हा येऊ लागल्या. त्याची जीपही यायची. पण आता अय्यूब आधी जीपसमोर स्टूल मांडायचा आणि धरमसिंग त्यावर बसेपर्यंत बॉनेटला हात लावायचा नाही.