बंद मागांच्या दुपारी आई

भांड्यांच्या जाळीतली वाटी घसरते. टण्ण. मग पुन्हा काहीच नाही.

लाईट गेली आहे. आमच्या इचलकरंजीत लाईट गेली की गल्लीतले सगळे यंत्रमाग एकदम गप्प होतात आणि झोपलेली माणसं दचकून उठतात. खडखडाटात झोपायची सवय, शांतता सोसत नाही. गार्गी मात्र उठत नाही. चार वर्षांची माझी लेक माझ्या दंडावर डोकं टाकून गाढ झोपली आहे. हात बधिर झालाय. तो काढून घ्यावा असंही मला वाटत नाही. हल्ली फारसं काही वाटतच नाही.

उशाशी मोबाईल आहे. त्यावर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अर्ज उघडा आहे. घरी बसून परीक्षा द्यायची, तसला. सगळं भरून झालंय, मुख्य विषयाची चौकट तेवढी रिकामी. आज पाचला मुदत संपते. हे म्हणतात, अर्थशास्त्र घे, बँकेच्या परीक्षांना उपयोगी पडेल. नणंद म्हणते, समाजशास्त्र घे वहिनी, पोर सांभाळून पास होशील. आणि तुला काय हवंय, असं मी स्वतःला विचारते, तेव्हा आतून कुणी ओ देत नाही.

डोळे मिटतात.

ओट्याशी आई बसली आहे, कांड्या भरते आहे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या कारखान्यात कांड्या भरल्या. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ती गेली. ती गेली आहे हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. पाहुण्यांसमोर घरातलं काढू नये, तसं आम्ही दोघी ते काढत नाही.

"जेवलीस काय?" ती ओरडून विचारते.

"हळू बोल आई, माग बंद आहेत."

"बंद हाईत?" ती आणखी मोठ्यानं. "मग मला ऐकू कसं येईना?"

ओटा संपतो तिथं कॉलेजची खिडकी सुरू होते. अकरावीच्या प्रवेशाला आम्ही मायलेकी जिच्यासमोर उभ्या होतो, तीच. फक्त आता आई आत आहे, क्लार्कच्या खुर्चीत, मांडीवर टोपली. माझ्यामागे बायकांची रांग आहे. अर्जांच्या जागी सगळ्यांच्या हातात रिकाम्या कांड्या. कुणी ढकलत नाही.

"विषय?" आई विचारते.

"तूच सांग."

"मी?"

"अकरावीला सांगितलास तसा. सायन्स तू घेतलंस, नापास मी झाले. यंदाही तूच घे."

माझं बोलणं मलाच ऐकू येतं. त्यात राग नाही. वाणसामान सांगावं तसं आहे.

आई सूत दातानं तोडते. "मला काय ठावं हुतं गं तवा? मार्क पडलेली पोर सायन्सला जाती, एवढंच ऐकलं हुतं. मालकीणबाईची गेली हुती."

"मग आता कुणाचं ऐकू?"

"जावईबापूंचं ऐक. नणंदंचं ऐक. माझं बघितलंस की एकदा ऐकून."

रांगेतली एक बाई फिसकन हसते. मी यादी वाचते. अर्थशास्त्र. समाजशास्त्र. राज्यशास्त्र. भूगोल.

"शेवटच्यात काय असतंय?"

मी सांगते. नदी सरळ का जात नाही ते. आपली पंचगंगा एका काठाला खाते आणि दुसऱ्या काठावर गाळ टाकते, म्हणून वळत जाते. वारा समुद्रावरून येतो, घाट चढताना पाणी टाकतो आणि इकडं येईपर्यंत रिकामा होतो. काळी माती उन्हाळ्यात का भेगाळते. किती वेळ सांगते कळत नाही. रांगेतल्या बायका खाली बसून घेतात.

"हे कुठं शिकलीस?"

"पहिल्या वर्षाला पुस्तक होतं. गार्गीला भरवताना वाचायचे."

"हं," आई म्हणते. शाबास म्हणत नाही. कधीच म्हणायची नाही.

"आणि चुकलं तर, आई? पुन्हा?"

खिडकी नाही. आम्ही बंद मागासमोर उभ्या आहोत. हजारो धागे ताणलेले, त्यातला एकच तुटून लोंबतोय.

"तुटला की काय करत्यात, वृषे?"

"मला काय माहीत? तू मागाला हात कुठं लावू दिलास? लावलास तर तोडीन म्हणायचीस."

"म्हणायचीच. तुझं हात पुस्तकासाठी ठेवलं हुतं." ती तुटलेलं टोक चिमटीत धरते. "फणीच्या चुकीच्या घरातनं ओवला तरी माग थांबत न्हाई, बाई. कापडावर रेघ पडत जाती, लांबच्या लांब. दिसली की आपण थांबवायचा. तोडायचं, नीट ओवायचं, गाठ मारायची. दे हात."

ती माझा हात घेते. तिची बोटं सुतानं कापून खरखरीत झालेली. एक टोक दुसऱ्यावर, अंगठ्याच्या नखावरून फेर, आतून ओढ.

"गाठ दिसली?"

"नाही दिसली."

"दिसू नये म्हणून तर तशी मारत्यात. आता तू."

मी मारते. सुटते. पुन्हा मारते. मला तिला काहीतरी विचारायचं आहे, माझं नाही, तिचं काहीतरी. ते ओठांवर येतं तोवर कुठंतरी एक माग सुरू होतो. मग दुसरा. मग सगळी गल्ली. आईचे ओठ हलताना दिसतात. जन्मात पहिल्यांदाच ती हळू बोलते आहे, आणि मला एक शब्द ऐकू येत नाही.

पंखा फिरतोय. चार वीस. गार्गी उठून बसली आहे, माझ्याकडे टक लावून बघते आहे.

पांघरलेल्या वाकळीची कड उसवली आहे. तिचे दोन धागे माझ्या चिमटीत आहेत, एकमेकांना जोडलेले. मधे गाठ, मोहरीपेक्षा बारीक. मी दोन्हीकडून ओढते. सुटत नाही. शेजारचे दोन धागे काढून तशीच दुसरी मारायला बघते. जमत नाही.

मोबाईल उचलते. रिकाम्या चौकटीत भूगोल निवडते. अर्ज पाठवते. गेला. आत काही हलत नाही, पण गेला.

"तू झोपेत ओरडत होतीस," गार्गी म्हणते.

"काय ओरडत होते?"

"आई, मी काय घेऊ? आई, मी काय घेऊ?" ती माझी नक्कल करते, मान हलवून. "आजी आली होती?"

"हो."

"मग आजीला काय घ्यायचं होतं?"

भिंतीपलीकडं माग चालू आहेत.

"सांग की," ती म्हणते. "आजीला काय घ्यायचं होतं?"